वैनगंगेत गेलेला नंबर

१३ मे, मंगळवार

देवाजी सकाळीच आला. चप्पल काढून उंबऱ्यातच उभा राहिला. आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, माझ्याहून वयाने मोठा. पण माझा मुलगा निलेश मार्चमध्ये वारला तेव्हापासून माझ्या घरात यायला संकोचतो. म्हणाला, "वामनबाबू, तलाव जाते बाप्पा हातचा."

तलावाची लीज जूनअखेर संपते. नवीन लीजचा अर्ज ३० मेपर्यंत गेला नाही तर तलाव खुल्या बोलीला निघेल. बाहेरचा ठेकेदार टपून बसला आहे. त्याने घेतला की आमच्या लोकांनी आमच्याच तलावात त्याचं जाळं मजुरीने ओढायचं. देवाजी कागद घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन आला. तिथल्या बाईंनी कागदाला हात लावला नाही. अर्ज संस्थेच्या नोंदवलेल्या ई-मेलवरूनच आला पाहिजे, सगळ्या संस्थांना हाच नियम आहे म्हणाल्या. मेल कोण पाहतो असं विचारलं. देवाजी कागद गुंडाळून परत आला.

निलेश पाहत होता. तोच सचिव होता.

देवाजीने संस्थेच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "तुमी आलापल्लीले डेपोत बाबू होते. तुमाले समजंन."

लाकूड डेपोत माझी सगळी वर्षं हाताने लिहिण्यात गेली. शेवटी शेवटी थोडं टाइप करायला शिकलो, एवढंच. ते सांगितलं नाही. किल्ली घेतली.

१४ मे, बुधवार

खोली उघडली. तलावाच्या पारीवर, बांधावरच आहे, खिडकीतून पाणी दिसतं. पाणी खूप खाली गेलं आहे. खुर्चीच्या पाठीवर नि.चा रुमाल होता. (यापुढे नि. एवढंच लिहीन.) रुमाल तिथेच राहू दिला.

कॉम्प्युटर चालू झाला, नेटही होतं. मेल उघडायला गेलो तर पानाऐवजी लाल त्रिकोण. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचं कनेक्शन खासगी नाही, कोणी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकेल.

देवाजीला अर्थ सांगितला. तो खिडकीतून बाहेर डोकावून आला. "कोन चोरंन इथी? बगळे हायेत नुसते."

पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. बंद करून चालू केलं. तोच त्रिकोण. दुसरी पानंही उघडत नाहीत.

१५ मे, गुरुवार

चामोर्शीच्या सेतू केंद्रात फोन केला. केंद्र चालवणारा ओळखीचा आहे. मागे गर्दी होती, तो घाईत बोलला. "काका, कॅश क्लिअर करा. हिस्ट्री, कुकीज, सगळं. ऑल टाइम टाका. नव्वद टक्के प्रॉब्लेम तेच असते."

त्याने सांगितलं तसं एकेक केलं. सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि साफ केलं.

त्रिकोण गेला नाही.

घरी वनिताला सांगितलं. सून आहे माझी, नि.च्या लेकराची आई. नि. गेल्यापासून आमचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं. ती भाकर थापत होती. तिने विचारलं, "तारीख लावली होती का मामाजी?"

कसली तारीख?

"त्या कॉम्प्युटरची. करंटची लाइन गेली का तारीख मागं जाते त्याची. आतला सेल मेला हाये. ते खोलीत गेल्याबरोबर पहिले तारीख लावत. नाई लावली तर काईच उघडत नाई म्हनत."

मला वाटायचं तो तिथे नुसता बसून असतो. तसं त्याला बोललोही आहे.

१६ मे, शुक्रवार

कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख होती. कितीतरी वर्षांपूर्वीची, १ जानेवारी. त्या तारखेला नि. शाळेत होता.

आजची तारीख लावली. त्रिकोण गेला. एवढंच होतं.

पण मेल उघडली नाही. आधी ती उघडीच असायची, क्लिक केलं की आत. काल मी सगळं साफ केलं त्यात तेही गेलं. आता नाव आणि पासवर्ड मागते. वनिताला बोलावलं. पासवर्ड तिला पाठ आहे, नि. गाडी चालवत असला की मागे बसलेल्या तिच्या हातात आपला फोन देऊन मेल उघडायला सांगायचा. तिने टाकला. बरोबर होता. तरी दार उघडेना. हे यंत्र आमच्या ओळखीचं नाही, खात्री करण्यासाठी तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे, असं आलं. खाली त्याच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे.

डेपोत लाकडावर हातोड्याचा शिक्का नसला तर नाक्यावरून गाडी सुटत नसे. लाकूड आपलं असलं तरी. हे तसंच आहे.

देवाजीने विचारलं, "मोबाइल कुठी हाय त्याचा?"

वनिता बाहेर गेली. मग देवाजीलाच आठवलं. तो खाली बसला.

मार्कंड्याला रक्षा सोडताना आमच्यात माणसाबरोबर त्याच्या जाळ्याचा तुकडा सोडतात. नि. जाळं टाकतच नव्हता, तलावाची सगळी कामं फोनवर करायचा. घाटावर देवाजीच म्हणाला होता, "याचं हत्यार हेच." सगळ्यांना पटलं. मलाही. फोन रुमालात बांधून जाळ्याच्या तुकड्याबरोबर वैनगंगेत सोडला. सिमसकट.

१७ मे, शनिवार

देवाजी डोंगा घेऊन मार्कंड्याला जाऊन पाहू म्हणतो. पाणी कमी आहे म्हणतो. मी म्हटलं, दोन महिने पाण्यात असलेल्या फोनचं काय होणार. तो म्हणाला, "मी टाकला, मीच काढतो." त्याला समजावण्यात दुपार गेली.

संध्याकाळी पारीवर लोक जमले. लीज मिळते की नाही, विचारत होते. देवाजी म्हणाला, बाबूजी करून राह्यले. एक बाई एवढंच म्हणाली, "निलेश असता तं आतापावेतो झालं असतं."

१८ मे, रविवार

सेतूवाल्याला पुन्हा फोन केला. कॅश साफ केल्याबद्दल त्याला काही बोललो नाही. फोन नदीत गेला हे सांगितलं. सिमसकट का, असं त्याने विचारलं. मग म्हणाला, "काका, कोड फोनवर नाई येत, नंबरवर येते. डुप्लिकेट सिम काढा. नंबर चालू असला पाहिजे फक्त. लय दिवस बंद राहिला तर कंपनी दुसऱ्याले देऊन टाकते."

चालू आहे की नाही कसं कळणार?

वनिता चुलीजवळून म्हणाली, "हाये चालू. स्विच ऑफ सांगते. अस्तित्वात नाई असं नाई सांगत."

तिला कसं माहीत, ते मी विचारलं नाही.

१९ मे, सोमवार

वनिताला घेऊन एसटीने गडचिरोलीला. कंपनीच्या दुकानात एसी होता, बरं वाटलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ज्याच्या नावानं सिम आहे त्यालेच आणा लागते काका. थम लागते."

वनिता म्हणाली, "त्यायले आणता येत नाई." आणि मृत्यूचा दाखला काचेवर ठेवला.

तो वाचून मुलाचा आवाज बदलला. "काय झालतं ताई?"

"मूल गावाच्या रस्त्यानं गाडीले डुकरं आडवी आली."

त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. वारसाच्या नावे नंबर बदलून मिळतो. वनिताचा अंगठा यंत्र घेईना. धुतला, पुसला, तरी घेईना. जाळ्याची दोरी ओढून रेषा झिजल्या आहेत. प्रत्येक वेळी लाल दिवा. मुलगा म्हणाला दुसरं बोट लावा. करंगळी घेतली.

दोन दिवसांत चालू होईल. नाही झाला तर पुन्हा या. पुन्हा यायला वेळ कुठे आहे.

परतीच्या गाडीत सिमचं पाकीट तिने ओच्यात ठेवलं होतं. सारखी हात लावून पाहत होती.

२१ मे, बुधवार

आजचं क्रमाने लिहितो.

सकाळी ठरलं ते असं. सिम वनिताच्या फोनमध्ये घातलं. त्या सिमला रेंज घरी मागच्या भिंतीजवळच येते, कॉम्प्युटर पारीवर. मी तिथून नाव आणि पासवर्ड टाकायचा, कोड तिच्याकडे येईल, तिने फोन करून मला सांगायचा.

तारीख लावली. नाव, पासवर्ड. कोड पाठवला असं आलं. माझा फोन टेबलावर होता. वाजला.

निलेश.

पडद्यावर तेच नाव, तोच त्याचा फोटो, डोंग्यात उभा असलेला. टेबलावर फोन थरथरत पुढे सरकत होता. देवाजीने पाहिलं आणि तो भिंतीला टेकला. मला माहीत होतं की वनिता आहे. तिच्या फोनमध्ये दोन सिम, कोणत्या सिमवरून लागला तिच्या लक्षात आलं नसेल. सगळं माहीत होतं. हात उचलला गेला नाही. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद.

वनिता उन्हातून धावत आली, पायात काही नाही. "काऊन नाई उचलला मामाजी?" मी फोन तिच्यापुढे केला. तिने पडदा पाहिला.

कोडची मुदत संपली होती. दुसरा मागवला. ती पुन्हा घरी गेली. या वेळी तिने जुन्या नंबरवरून लावला. ती आकडे वाचत गेली, मी टाकत गेलो, देवाजी प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होता.

उघडली.

देवाजी नंतर म्हणाला, "नाव बदलवून टाका फोनातलं. जीवच गेला माहा." बदलवतो म्हटलं.

२२ मे, गुरुवार

उघडली खरी, पण वर लाल पट्टी आहे. जागा भरली आहे. मेल येणार नाही आणि जाणारही नाही. ऑफिसने काही पाठवलं असेल तर परत गेलं असणार. मार्चनंतरची एकही नवीन मेल नाही. तो गेला त्या सुमाराला टाकी भरली आणि कोणी पाहिलं नाही.

जागा कशाने भरली ते मोठ्यापासून लहान असं लावून पाहिलं. सगळे व्हिडिओ. नि. फोनवर काढायचा आणि फोनात मावत नाहीत म्हणून संस्थेच्या मेलवर टाकायचा. जाळ्याचे, बीज सोडल्याचे, पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी जातं त्याचे. सर्वात मोठा मागच्या वर्षी मत्स्यबीज सोडलं त्या दिवसाचा.

उघडला नाही. घरी येऊन वनिताला सांगितलं.

२३ मे, शुक्रवार

ती दुपारी खोलीत आली. दार लावलं. व्हिडिओ लावला.

त्यात तो दिसत नाही. तोच काढत होता. पिशव्या, पाणी, लोकांचे हात दिसतात, त्याचा फक्त आवाज. "देवाजीकाका, घाई नका करू, पिशवी पहिले पान्यात ठेवा. पानी एकसारखं होऊ द्या. मग सोडा." आणि हसतो. देवाजीने तरी घाई केली असणार.

उतरवून घ्यायला गेलो. अर्ध्यावर नेट गेलं. डाउनलोड अयशस्वी. पुन्हा, पुन्हा अर्ध्यावर. मग लाइन गेली. आली तेव्हा तारीख पुन्हा मागे, पुन्हा लाल त्रिकोण. तारीख लावली. एकेका व्हिडिओला असं करत बसलो तर ३० तारीख निघून जाईल.

मी म्हटलं, हा राहू दे, बाकीचे काढू. तिने हिशेब पाहिला. बाकीचे काढून भागत नव्हतं, हाच मोठा.

शेवटी तिने आपला फोन कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे धरला आणि त्यावर व्हिडिओ काढून घेतला. मी पंखा बंद केला. श्वास धरून बसलो होतो तरी शेवटी खोकला आला. तो त्यात आला आहे. त्याच्या हसण्यावर.

"असू द्या," ती म्हणाली.

मग तिनेच डिलीट दाबलं. तिला वाटलं मला जमणार नाही. बरोबर होतं.

लाल पट्टी गेली नाही. काढलेलं कचरापेटीत पडून राहतं आणि जागा तेवढीच धरून ठेवतं. पेटीही रिकामी करावी लागते. तेव्हा विचारते, कायमचं काढायचं का, हे परत येणार नाही.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. होय दाबलं.

पट्टी गेली.

२६ मे, सोमवार

अर्जाचा नमुना ऑफिसच्या साइटवर आहे असं पूर्वीच्या पत्रात होतं. पत्ता टाकला. चारशे चार, पान सापडलं नाही. अक्षरं तपासली, बरोबर होती. पान हलवलं असेल किंवा काढलं असेल. मागचा भाग खोडून नुसती साइट उघडली आणि आतून शोधत गेलो तर नमुना सापडला, दुसऱ्याच ठिकाणी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ठराव, सभासदांच्या सह्या, तलावाचा नकाशा. देवाजी सगळं चामोर्शीहून स्कॅन करून घेऊन आला, पेन ड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात, वर हात ठेवून. सचिवाच्या जागी सही वनिताची. काल सभेत देवाजीने तिचं नाव घेतलं, कोणी हरकत घेतली नाही. तिनेही नाही म्हटलं नाही.

२७ मे, मंगळवार

फाइल जोडली जाईना. आकार मर्यादेपेक्षा मोठा. देवाजी चिडला. "मोठा हाय म्हंजे? तलाव मोठा हाय तं नकाशा मोठाच असंन ना!" सेतूवाल्याने रंगीतच्या ऐवजी काळं-पांढरं स्कॅन करून दिलं, लहान झालं. पुन्हा चामोर्शी, पुन्हा परत. दिवस त्यात गेला.

२८ मे, बुधवार

पाठवली. देवाजीने स्वतः बटण दाबलं, पाया पडून. सगळे चहा प्यायला बसले.

चहा संपायच्या आत परत आली. असा पत्ता अस्तित्वात नाही.

देवाजीने पत्ता जुन्या पत्रावरून वाचला होता. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पेले तसेच राहिले. वनिता म्हणाली, ऑफिसले फोन लावा. लावला, वाजत राहिला. चार वाजता बाईंनी उचलला. मेलचा पत्ता मार्चमध्येच बदलला म्हणाल्या. "सगळ्या संस्थांना कळवलं होतं." ती कळवलेली मेलही टाकीबाहेरच राहिली असेल किंवा नि.ने वाचून काढून टाकली असेल. आता कोणाला विचारणार.

नवा पत्ता त्यांनी सांगितला, मी लिहिला, वाचून दाखवला, पुन्हा वाचून दाखवला. त्या हसल्या. मग पाठवायला बसलो तर लाइन गेली. आली नाही.

२९ मे, गुरुवार

दिवसभर लाइन नाही. कुठेतरी वादळात तार तुटली म्हणतात. आलापल्लीकडेही नाही. पारीवर लोक येऊन बसत आहेत. ठेकेदाराची गाडी दुपारी तलावाला फेरी मारून गेली. थांबली नाही. काच खाली होती. देवाजी मोठ्याने म्हणाला, "पाहून घे बाप्पा, पाहाचे पैसे नाई लागत." कोणी हसलं नाही.

वनिताने सांगितलं, उद्या लाइन आली नाही तर चामोर्शीला जाऊन तिथून पाठवू. पण तिथलं यंत्रही ओळखीचं नाही, कोड पुन्हा मागेल. मागू दे, ती म्हणाली. नंबर तिच्याजवळ आहे.

३० मे, शुक्रवार

लाइन सकाळी आली. तारीख लावली. त्रिकोण आला नाही. आत गेलो. पत्ता एकेक अक्षर टाकला, देवाजीने कागदावर बोट ठेवून तपासला. फाइल जोडली गेली. पाठवली.

परत आली नाही. थांबलो. तरी आली नाही. देवाजीने हात जोडले.

जेवणाच्या वेळेला एक मेल आली. आम्हाला वाटलं ऑफिसचं उत्तर. नाही. यंत्राचीच होती. तुमचा संदेश अजून पोहोचलेला नाही, समोरचा सर्व्हर सध्या घेत नाही. आम्ही प्रयत्न करत राहू. तुम्हाला काही करण्याची गरज नाही.

देवाजीला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "म्हंजे गेली का नाई गेली?"

गेली आहे. पोहोचलेली नाही.

"मंग आता आपन काय कराचं?"

काही करायचं नाही असं लिहिलं आहे म्हटलं. त्याला ते पटलं नाही. मलाही नाही. ऑफिसला फोन लावला, बाई म्हणाल्या, आमचा सर्व्हर सकाळपासून त्रास देतो आहे, संध्याकाळपर्यंत आलेलं सगळं धरू. न आलेल्याचं विचारलं. म्हणाल्या, ते साहेब ठरवतील.

आता पाच वाजले आहेत. पारीवर पुरुष, बाया, सगळे बसून आहेत. कोणी खोलीत येत नाही, खिडकीतून माझ्याकडे पाहतात. मी पडद्याकडे पाहतो. नि.चा रुमाल पाठीला लागतो आहे.

वनिता घरी लेकरू निजवते आहे. तिला कळवायला फोन घेतला. तिचा स्वतःचा नंबर लागला नाही. यादीत खाली गेलो. नाव अजून बदललेलं नाही.

निलेश. लावला.

दुसऱ्या रिंगला उचलला. "काय झालं मामाजी?"

"अजून नाही," मी म्हटलं. "नंबर चालू ठेव."